रेघ आपली, पान दोघांचे

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली माणसे घराघरांत सापडतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखनाचे पेपर, कला संचालनालयाचे प्रमाणपत्र, मग दहावी आणि तिथून पुढे रंगपेटी माळ्यावर. पुढे नोकरी-संसारात स्थिरावल्यावर हीच माणसे विचारतात, की आता पुन्हा सुरू करता येईल का आणि केले तरी त्या चित्रांचे करायचे काय. हा लेख त्यांच्यासाठी आहे. शाळा सुटल्यावर ज्यांनी ब्रश हातात धरलाच नाही त्यांनाही तो उपयोगी पडावा.

माझे सांगणे थोडक्यात असे. रेखाटन रोज आणि एकट्याने करायचे, पण पहिल्या वर्षातच एखादे छोटे काम दुसऱ्या कोणाच्या सोबतीने पूर्ण करायचे. तो जोडीदार लिहिणारा असेल तर उत्तम. ‘आधी हात बसू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांचा हात सहसा बसत नाही, कारण तो कशासाठी बसवायचा हेच ठरलेले नसते. कोणीतरी पान भरून मिळायची वाट पाहत असले की रविवारची दुपार आपोआप मोकळी होते.

यासाठी आदर्श म्हणून मी वसंत सरवट्यांचे नाव घेतो. कोल्हापुरात १९२७ साली जन्मलेले सरवटे पेशाने अभियंता. एसीसी या सिमेंट कंपनीतली नोकरी सांभाळून ते चित्रे काढत. ‘बटाट्याची चाळ’ आणि ‘व्यक्ती आणि वल्ली’ ही पुलंची पुस्तके उघडून पाहा. त्यातली माणसे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात ती पुलंच्या वाक्यांनी जितकी, तितकीच सरवट्यांच्या रेघांनी. मजकुरातला विनोद चित्रात पुन्हा सांगायचा नाही, त्याच्या शेजारी स्वतःचा दुसरा मांडायचा, ही त्यांची रीत होती. ज्यांना सहनिर्मिती शिकायची आहे त्यांनी ही दोन पुस्तके चित्रांसाठी म्हणून पुन्हा वाचावीत. कुठल्या वाक्याशेजारी चित्र आले आहे आणि कुठले वाक्य चित्रावाचून सोडले आहे, हे पेन्सिलीने टिपून ठेवावे.

सामान कमी घ्या

दुकानात गेले की सगळेच घ्यावेसे वाटते. तो मोह आवरा. एफोर आकाराची, साध्या कार्ट्रिज कागदाची एक वही, पिशवीत मावेल अशी दुसरी लहान वही, २बी आणि ४बी पेन्सिल, पाण्याने न पसरणाऱ्या काळ्या शाईचे एक पेन, एवढ्यावर पहिले तीन महिने निघतात. रंग नंतर. ते घ्याल तेव्हाही परदेशी नळ्यांच्या मागे लागू नका. दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे कार्यालय आपल्या अंधेरी पूर्वेलाच आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी चित्रकारांचे पहिले चित्र त्यांच्याच रंगांनी झाले. पैसे वाचवायचे ते रंगांत वाचवा, कागदात नको. जलरंगासाठी कागद जाडच हवा. ३०० जीएसएमचा मिळाला तर तोच घ्या. पातळ कागद ओला झाला की फुगतो आणि शिकणाऱ्याला वाटते, चूक आपलीच आहे.

पहिले तीन महिने: लोकल आणि लेणी

पहिले काही आठवडे पेन्सिल, त्यानंतर फक्त पेन. पेनाने काढले की खोडरबर सुटतो आणि चुकलेल्या रेघेशेजारी बरोबर रेघ मारायची सवय लागते. चुकलेली रेघ तशीच राहू द्या. पुढच्या महिन्यात वही चाळताना डोळा कुठे फसला होता, हे तीच सांगते.

आपल्याला उपनगरात राहण्याचा मोठा फायदा आहे. मॉडेल शोधावे लागत नाही, ते समोरच्या बाकावर बसलेले असते. बोरिवलीहून धीम्या लोकलने अंधेरीला येताना कांदिवली, मालाड, गोरेगाव, राममंदिर, जोगेश्वरी आणि अंधेरी असे सहा टप्पे पडतात. प्रत्येक टप्प्यात एक रेखाटन. स्टेशन आले की पान उलटायचे, मग चित्र झालेले असो वा नसो. मध्य रेल्वेवाल्यांना घाटकोपर ते मुलुंड पाच टप्पे मिळतात. सकाळी चर्चगेट किंवा सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीत वही उघडणे अशक्य, तेव्हा उलट दिशेची गाडी पकडा किंवा रविवार निवडा.

सुरुवात चेहऱ्यापासून करू नका. चेहरा काढायला घेतला की साम्य साधण्याची धडपड सुरू होते आणि बघणे थांबते. दाराजवळ कडी धरून उभ्या असलेल्या माणसाचा हात घ्या. कोपर वाकलेले असते आणि दंड, मनगट व डोके यांच्यामध्ये एक मोकळा त्रिकोण तयार होतो. त्यातून पलीकडची खिडकी दिसते. आधी तो त्रिकोण काढा. तो बरोबर आला की हात आपोआप बरोबर येतो, कारण हाताची आतली कड आणि त्रिकोणाची कड एकच असते. मग मनगट घ्या. वजन पेलताना ते किंचित आत वळते, घड्याळाचा पट्टा कातडीत रुततो आणि त्याच्या वरच्या बाजूला मांसाची बारीक घडी पडते. ही घडी काढली की गाडी धावते आहे, हे न सांगता कळते. बोटे पाच सुटी काढू नका. चार बोटांचा एक गठ्ठा आणि वेगळा अंगठा, एवढे पुरे.

एक शिस्त मात्र पाळा. कोणाकडे टक लावून बघत राहू नका, विशेषतः बायकांकडे आणि मुलांकडे. पाठमोरी माणसे, हात, चपला, झोपलेल्याची मान असे विषय भरपूर असतात. कोणी पाहिलेच तर वही लपवू नका, पुढे करा. आवडले नाही असे दिसले तर पान तिथेच सोडून द्या.

लोकलमध्ये वेग शिकता येतो. थांबून बघायला शिकण्यासाठी कान्हेरीला जा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारातून आत सहा-सात किलोमीटरवर शंभराहून अधिक लेणी आहेत. सोमवारी उद्यान बंद असते, बाकी दिवस सकाळी लवकर पोहोचा. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही टोकांना बुद्धाच्या भव्य मूर्ती आहेत. तिरप्या उजेडात त्यांच्या वस्त्राची कड आणि तिच्याखालची सावली स्पष्ट होते. ऊन डोक्यावर आले की तोच दगड सपाट दिसू लागतो. म्हणून पहिल्या भेटीत फक्त सावल्यांचे आकार भरा, बाह्यरेषा काढूच नका. चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धाचे अपुरे राहिलेले चित्र आहे. ते जरूर पाहा. पूर्ण झालेल्या चित्रात कामाचा क्रम झाकला जातो. अपुऱ्या चित्रात तो उघडा असतो आणि शिकणाऱ्याला तोच पाहायचा असतो. मांडीवर वही घेऊन बसलात तर कोणी अडवत नाही. स्टँड लावायचा असेल तर परवानगी विचारून घ्या. अंधेरीची महाकाली लेणी आणि बोरिवलीचे मंडपेश्वर याच सरावासाठी आणखी जवळ पडतील.

रंग, आणि आपला पावसाळा

चौथ्या महिन्यात जलरंग घ्या. पिवळा, गेरूच्या जवळचा बर्न्ट सिएना, लाल आणि अल्ट्रामरीन निळा, असे चार रंग पुष्कळ झाले. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कमीजास्त प्रमाणात मिसळले की कान्हेरीच्या काळ्या दगडापासून जुलैतल्या आभाळापर्यंतचे सगळे करडे रंग मिळतात. पेटीतला काळा रंग वर्षभर बाजूला ठेवा. त्याने चित्र मळते.

मुंबईच्या पावसाळ्यात हवेत इतका ओलावा असतो की पहिला हात वाळता वाळत नाही. त्यावर घाईने दुसरा दिला तर दोन्ही चिखल होतात. यावर उपाय म्हणजे एका बैठकीत दोन-तीन चित्रे सुरू ठेवायची. एक वाळेपर्यंत दुसरे. कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने फळीला पक्का लावायचा आणि चित्र पूर्ण वाळल्यावरच पट्टी काढायची. कोरा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कपाटात वरच्या खणात ठेवा. भिंतीला टेकवून ठेवलेल्या कागदावर बुरशीचे ठिपके येतात आणि ते कशानेही जात नाहीत. जून ते सप्टेंबर शाईच्या कामाला द्यावा आणि रंगांचा मोठा सराव दिवाळीनंतर करावा, असे माझे मत आहे.

याच काळात मूळ चित्रे पाहण्याची सवय लावा. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि चित्रकार बहुधा स्वतः हजर असतो. मालवणचे प्रल्हाद अनंत धोंड यांच्या समुद्राची जलरंगचित्रे कुठे पाहायला मिळाली तर सोडू नका. न रंगवलेला कागद त्यांनी किती धीराने राखला आहे, हे छापील प्रतीत कळत नाही.

जोडीदार

मुंबईत १९४७ साली सहा जण एकत्र आले आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला. सूझा, रझा, हुसेन, आरा, अमरावती जिल्ह्यातले हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे. प्रत्येकाचा रस्ता वेगळा राहिला. एकमेकांचे काम पाहणे, त्यावर बोलणे आणि एकत्र प्रदर्शन करणे हीच त्यांची भागीदारी होती. सुरुवातीला तुम्हालाही एवढेच हवे आहे. महिन्यातून एकदा वह्या उघडून बसणारी तीन-चार माणसे. अर्बन स्केचर्स या जगभर पसरलेल्या मंडळींची मुंबईतही शाखा आहे. ते एखादी जागा ठरवून एकत्र रेखाटतात आणि शेवटी सगळ्यांच्या वह्या मांडून पाहतात. तिथे नवख्याला कोणी परके करत नाही.

लिहिणारा जोडीदार शोधायला लांब जावे लागत नाही. सोसायटीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका कोणीतरी लिहितच असते. वाचनालयाच्या कट्ट्यावर कविता वाचणारे असतात. मुलांच्या शाळेतल्या मराठीच्या बाई गोष्टी लिहीत असतात आणि संकोचाने कोणाला दाखवत नाहीत. मैत्री आहे म्हणून जोडीदार निवडू नका. वेळ पाळणारा निवडा. एक बोरिवलीला आणि दुसरा मुलुंडला असेल तर पूर्वी भेटण्यासाठी दादर गाठावे लागे. २०१४ साली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपर दोघांनाही सोयीचे झाले आहे. भेट प्रत्यक्षच घ्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या चित्राला अंगठा मिळतो. समोरासमोर बसले की शंका बोलून दाखवल्या जातात.

दोघांनी एकाच कॅनव्हासवर रंगवायचा मोह नवख्यांनी टाळावा. दोघांची शैली अजून घडायची असते. अशा वेळी चित्र अंगात जोर असलेल्याचे होते आणि दुसरा मदतनीस ठरतो. शब्द आणि चित्र ही वाटणी सुरुवातीला जास्त न्याय्य आहे.

आठ पाने

पहिले काम आठ पानांचे करा. एफोरचे दोन कागद मधोमध दुमडून एकात एक घातले आणि पाठीवर दोन पिना मारल्या की एफाइव्ह आकाराची पुस्तिका तयार होते. पहिले पान मुखपृष्ठ, आठवे मलपृष्ठ, मधे तीन जोडपाने. यातले चार-पाच हे जोडपान एकाच कागदावर येते, म्हणून सलग पसरलेले चित्र तिथेच ठेवा. दोन-तीन आणि सहा-सात या जोडपानांत दोन वेगळे कागद शेजारी येतात आणि रेघ जुळत नाही. झेरॉक्सचे यंत्र कागदाच्या कडा सोडते, तेव्हा चित्र कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत राहू द्या. पेन्सिलीच्या पुसट छटा झेरॉक्समध्ये उडतात. काळी शाईच वापरा, आणि छापायच्या आकाराच्या दीडपट मोठे काढा. लहान करताना रेघ आवळते आणि बारीक चुका दिसेनाशा होतात.

आता मजकूर. समजा, लेखिकेने लिहिले आहे: आजी घाटकोपरला उतरली तेव्हा धो धो पाऊस पडत होता, तिच्या हातात भाजीची पिशवी होती आणि वाऱ्याने छत्री उलटी झाली होती. नवखा चित्रकार पाऊस, पिशवी, उलटी छत्री हे सगळे इमानेइतबारे काढतो. पान भरते, पण वाचणाऱ्याला एकच गोष्ट दोनदा मिळते. अशा वेळी दोघांनी पेन्सिल घेऊन बसावे. पाऊस चित्रात दिसतोच, तो वाक्यातून काढा. छत्री आणि पिशवीही गाळा. मग वाक्य उरते: आजी घाटकोपरला उतरली. आता लेखिकेकडे जागा झाली. चित्रात जे मावत नाही ते ती लिहू शकते, की आपल्याला न्यायला कोणीतरी येईल असे आजीला वाटले होते. आणि हे वाक्य आले की चित्रही बदलते. आजी मध्यभागी मोठी नको. ती पुलाच्या जिन्याखाली लहानशी दिसावी, पिशवीतून मेथीची ओली पाने बाहेर आलेली, आणि जिन्यावरून उतरणारे सगळे पाय तिच्या बाजूने निघून जात असलेले. लोकलमधल्या चपलांचा सराव इथे कामाला येतो. लेखिकेने तीन तपशील सोडले, चित्रकाराने चेहरा सोडला आणि पान दोघांचे झाले. सहनिर्मितीचा सगळा व्यवहार असाच चालतो.

चर्चेच्या तीनच फेऱ्या ठेवा. पहिली नखाएवढ्या कच्च्या खर्ड्यांवर. आठही पाने एका कागदावर चौकोनांत मांडायची म्हणजे गोष्टीचा ओघ दिसतो. दुसरी पेन्सिलीच्या रेखाटनावर आणि तिसरी शाई फिरवण्याच्या आधी. शाई फिरली की बदल नाही. लेखकाने सूचना देताना ‘डोळे मोठे कर’ असे सांगू नये. ‘आजी इथे मला घाबरलेली वाटते, ती थकलेली हवी’ असे सांगावे. डोळे की खांदे, ते चित्रकार ठरवील. हाच नियम चित्रकारालाही लागू. वाक्य बदलून देऊ नका, कुठे अडखळलात तेवढे सांगा.

लिहून घ्या

मैत्रीत कागद कशाला, असे वाटते. मैत्री टिकावी म्हणूनच हवा. एका पानावर एवढे लिहा: कोणी काय करायचे, कोणत्या तारखेपर्यंत, नाव कसे छापायचे, मानधन आले तर वाटणी कशी, आणि एकाने मधेच सोडले तर झालेल्या कामाचे काय. दोघांच्या सह्या, तारीख.

कायद्यातल्या काही गोष्टी ठाऊक असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मजकुराचा हक्क लेखकाचा आणि चित्राचा चित्रकाराचा असतो. दोघांचे काम वेगळे ओळखता येत असेल, तर ते संयुक्त लेखन धरले जात नाही. मात्र कोणी पैसे देऊन चित्र रंगवून घेतले आणि उलट काही ठरलेले नसेल, तर पहिला हक्क काम देणाऱ्याकडे जातो. नवखे चित्रकार इथेच फसतात. हक्क सोपवायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच सोपवता येतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षे धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतात. प्रकाशकाच्या कागदावर सही करण्याआधी या दोन जागा शोधा. चित्रकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो, म्हणजे तुमच्या नातवंडांपर्यंत. तेव्हा संकोच करू नका.

वारलीबद्दल

उपनगरातल्या भिंतींवर, सोसायटीच्या फाटकांवर वारली चित्रे सर्रास रंगवली जातात. ती रंगवणारे बहुधा वारली नसतात. बोरिवलीच्या उद्यानात आणि गोरेगावच्या आरेत वारली कुटुंबांचे पाडे आहेत, हे मात्र शेजाऱ्यांना माहीत नसते. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी लिहायचा चौक, ही या चित्रांची मूळ जागा. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डहाणू भागात गेले, त्यांनी कागद आणि रंग दिले आणि जिव्या सोमा म्हसे यांचे चित्र भिंतीवरून कागदावर आले. कुलकर्ण्यांनी म्हशांची रेघ सुधारायला घेतली नाही, हे मला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते. पुढे २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ इथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग आणि म्हसे यांचे काम एकत्र मांडले गेले. दोघेही आपापल्या पद्धतीनेच राहिले. म्हशांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

तेव्हा वारली चित्र हवे असेल तर नक्कल करू नका. वारली चित्रकाराला सोबत घ्या, त्याचे नाव तुमच्या नावाइतक्याच अक्षरांत छापा आणि मानधन समान ठेवा.

आठ पानांची पुस्तिका झाली की पन्नासेक प्रती काढून ओळखीत वाटा आणि लगेच दुसरीला लागा. तिसरीनंतर त्यातली पाच चांगली चित्रे निवडून दिवाळी अंकांच्या संपादकांकडे पाठवा. मराठीत काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक सुरू केला, तेव्हापासून चित्रकाराला दरवर्षी काम देणारी ही जागा आहे. चित्रांचे वाटप पावसाळ्यातच होते, म्हणून नमुने मे-जूनमध्ये पोहोचले पाहिजेत. गणपतीत पाठवलेले नमुने पुढच्या वर्षासाठी राहतात.

आणि एक विनंती लेखकांना, संपादकांना आणि स्मरणिका काढणाऱ्या सोसायट्यांनाही. चित्रकाराचे नाव आतल्या पानावर मुद्रकाच्या पत्त्याशेजारी बारीक टायपात टाकू नका. मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाखाली छापा.